वरून काय दिसतं

मास्टरांनी तिन्ही कागद दिव्याखाली ओढले, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिला कागद नाकाला लागेल इतका जवळ नेला. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, एक कारंजं होतं आणि तोंड उघडून ओरडणारी माणसं होती. आकाशपाळणा कुठेच नव्हता.

"हे नाही," ते म्हणाले आणि कागद पालथा घालून ठेवला.

"बाबा, एक दिवस फिरायला जायचंय. घर विकत घ्यायचं नाहीये," मुलगा म्हणाला. "कुठलंही एक सांगा."

"कुठलंही नको. ते नेमकं कुठलं, ते बघू दे."

सून ओट्यापाशी उभी राहून डबे पुसत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डब्याकडे. मोठी नात टेबलावर हनुवटी टेकून बसली होती. धाकटा नातू टेबलाखाली होता. तिथे तो काय करत होता ते कुणी विचारत नव्हतं.

मास्टरांचं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान होतं. गाडीवाली माणसं रविवारीच मोकळी असतात, त्यामुळे चाळीस वर्षांत मास्टरांना रविवार कसा असतो ते कळलंच नव्हतं. मुलाने गाडी घेतली त्याला आठ वर्षं झाली होती. वर्षातून दोन-तीनदा सगळी सकाळी उठून कुठल्यातरी पार्कला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. पुढे मुलगा आणि सून, मागे नातवंडं आणि मास्टरांची बायको. मास्टर दुकानात. बायकोला जाऊन आता सात महिने झाले होते. मंगळवारी जेवताना मास्टर एकदम म्हणाले, या रविवारी दुकान बंद ठेवतो, मीही येतो. सुनेच्या हातातला डाव भांड्यातच राहिला होता.

त्यांना एकच हवं होतं. ज्या पाळण्यात बायको डोळे उघडे ठेवून बसली, त्या पाळण्यात एकदा बसायचं. पण पार्कचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. परत आल्यावर ती पलंगावर बसून पाय चोळत सांगायची, तेवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. पाळण्याचे डबे निळे आहेत. शेजारी झुलणारं जहाज आहे. आणि वर गेलं की एका अंगाला तळं दिसतं, तळ्यात दोन होड्या.

"निळे डबे," मास्टर म्हणाले. "आणि तळं."

"तळ्याकाठचं पार्क म्हणजे तुम्ही आत्ता पालथं घातलंत ते. तिथे पाळणाच नाही. पाळणा हायवेवरच्या पार्कला आहे. पण तिथे तळं नाही. नुसतं पार्किंग आहे, नजर पोचेल तिथवर."

"आणि जहाज?"

"जहाज डोंगरावरच्याला."

"मग एखादं चौथं असेल."

"चौथं नाही, बाबा. आम्ही या तिन्हीलाच गेलोय."

"नीट आठव. पाळण्यात बसली होती ती. तिच्यासारखी बाई पाळण्यात बसते, हे काय विसरायची गोष्ट आहे?" मास्टरांना हसू आलं. "तुम्हाला ठाऊक आहे ना, तिचं आणि पाळण्याचं?"

त्यांना ठाऊक होतं. या घरात चहा प्यालेल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. तरी मास्टरांनी सांगायला घेतलं, कारण तिच्याबद्दल त्यांना याहून चांगलं काही सांगता येत नसे.

लग्न नवीन होतं. मैदानावर पाळणे आले होते. ती नको नको म्हणत होती, मास्टरांनी हाताला धरून बसवली. पाळणा वर गेला तसे तिने डोळे मिटले आणि त्यांची बाही धरली. मास्टरांनी खाली पाळणेवाल्याला खूण केली, थांबव, इथेच थांबव. पाळणेवालाही नग. त्याने थांबवला. मग ती वरून जे ओरडली ते ऐकून अख्खं मैदान हसलं. खाली उतरल्यावर तिला धड चालताही येईना.

इथे मास्टर नेहमी उठून ती कशी चालली ते करून दाखवायचे. ते आत्ताही उठले. गुडघे वाकवले, एक हात भिंतीला लावला, आणि दोन पावलं टाकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आणि वरून म्हणते काय," ते म्हणाले आणि थांबले.

पुढचं वाक्य ते स्वतः कधी म्हणत नसत. पाहुण्यांसमोर ते बायकोला हाक मारायचे, अगं ये, सांग काय म्हणाली होतीस. ती आतून यायची, हातातला ट्रे ठेवायची आणि सांगायची. अडतीस वर्षं सांगत होती.

"अहो दादा, मला उतरवा, ह्यांना ठेवा हवं तर," टेबलाखालून नातू म्हणाला.

कुणी हसलं नाही.

मास्टर खुर्चीवर बसले. "आणि तीच बाई म्हातारपणी वर गेली. डोळे उघडे ठेवले, म्हणाली. ओरडले नाही, म्हणाली. मी शाबास म्हटलं तिला."

म्हटलं होतं, हे खरं होतं. त्याच आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक घरी आलं तेव्हा त्यांनी गोष्ट मात्र जुनीच सांगितली होती. नव्या गोष्टीत हसण्यासारखं काही नव्हतं.

"आजी नाही गेली वर," नातू म्हणाला. "आजी गाडीत बसायची."

"तू गप रे," सून म्हणाली.

"बसायचीच. बॅगा घेऊन."

मास्टरांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. "कुठल्या गाडीत?"

"आपल्याच."

सुनेने फडकं पिळलं, झटकलं आणि पुन्हा पिळलं. "बाबा, आम्ही दर वेळी म्हणायचो हो. आई, चला. पण त्याच म्हणायच्या, मला गरगरतं, माझं तिकीट कशाला वाया घालवता. मग आम्हीही म्हणायचं सोडलं. मुलांचे कोरडे कपडे, डबे, सगळं असायचं बरोबर. त्या होत्या म्हणून लॉकर घ्यावा लागायचा नाही."

"एकदाही नाही गेली?"

"पहिल्या वर्षी गेटपर्यंत आल्या होत्या."

"दिवसभर गाडीत?"

"जेवायला यायचो की आम्ही मधे," मुलगा म्हणाला.

मास्टर त्याच्याकडे बघत राहिले. मग ते कागदाकडे वळले, जणू चूक कागदाचीच होती. "आणि निळे डबे? तळं? हे सगळं तिला कुठून कळलं?"

नातीने हनुवटी उचलली. "मी सांगायचे. परत येताना ती विचारायची, वरून काय दिसतं गं? दर वेळी तेच. मला कंटाळा यायचा, म्हणून मी काहीपण सांगायचे. तळं मीच घातलं."

"होड्या?"

"होड्या पण मीच."

"दोन होड्या," मास्टर म्हणाले.

"एकदा तीन सांगितल्या होत्या. ती म्हणाली, मागच्या वेळी दोनच होत्या ना?"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज आला आणि बंद झाला.

"पण मला खोटं का सांगायचं?" मास्टर मुलाला म्हणाले. "मी काय खाणार होतो तिला?"

मुलगा कागदांच्या कडा जुळवत होता. जुळल्या तरी जुळवत राहिला.

"मी दहावीत होतो तेव्हा आमचे सर घरी आले होते," तो म्हणाला. "तुम्ही गोष्ट सांगितलीत. मग आईला बाहेर बोलावलंत आणि म्हणालात, चालून दाखव."

"मी चालून दाखवायचो. ती नाही."

"त्या दिवशी तिला म्हणालात."

"गंमत असेल."

"गंमतच होती. सर खूप हसले."

"मग तिने दाखवलं?"

"दाखवलं ना. इथून त्या दारापर्यंत. तुम्हाला आठवत नाही?"

मास्टरांना सर आठवत होते. सरांच्या स्कूटरचं सीट आठवत होतं, लाल, कडेला पांढरी पायपिंग, ते त्यांनी बिनपैशाने शिवून दिलं होतं. बायको कुठे आठवत नव्हती.

सुनेने शेवटचा डबा फडताळात ठेवला. "मग उद्याचं राहू द्यायचं का? नाही, म्हणजे मुलांना सांगून ठेवलंय म्हणून विचारते."

"राहू कशाला द्यायचं?" मास्टर म्हणाले. "तिन्हीपैकी ती जास्त कुठे बसली?"

सून विचारात पडली. असा हिशेब तिने कधी केला नव्हता. "हायवेच्या. तिथे सहा-सातदा तरी गेलो असू. दहाला आत शिरलो की जेवण सोडलं तर सहाशिवाय कुणी बाहेर येत नाही."

"मग तेच."

"तुम्ही आत चला, बाबा," मुलगा म्हणाला. "तुमचं तिकीट काढतो. पाळण्यात बसा."

"मी गाडीत बसतो."

मुलगा काही बोलणार होता, पण सून आधी बोलली. "बघा हं, ऊन फार असतं तिथे. बसणार असाल तर मी दोन्ही बॅगा घेते." नवऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "काय झालं? तेच म्हणाले, म्हणून मी म्हणतेय."

पार्किंगला छप्पर नव्हतं. गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला खांबावर एक अक्षर होतं. मुलाने गाडी कडेच्या एकुलत्या झाडाखाली लावली. कुणाला न विचारता तो तिथेच वळला, रोजची वाट असल्यासारखा. दोन्ही बॅगा मागच्या सीटवर ठेवून झाल्या. नातू पळत सुटला, नात त्याच्यामागे, सून टोपी धरून त्यांच्यामागे. मुलगा दोन पावलं गेला, परत आला, पाण्याची बाटली खिडकीतून आत दिली.

"फोन चालू ठेवा," तो म्हणाला.

मास्टर मागे, डाव्या दाराशी बसले. भिंतीपलीकडे पाळणा दिसत होता. डबे पिवळे होते.

सीटची कव्हरं त्यांनीच शिवलेली होती, दोनदा. बसल्याबसल्या त्यांनी तळहात फोमवर दाबला. उजवीकडे तो उसळून वर आला, डावीकडे दबलेलाच राहिला. गेल्या वर्षी कव्हर बदलताना त्यांच्या हे लक्षात आलं होतं. दुकानात चार माणसं असताना ते मुलावर ओरडले होते, एका बाजूला एवढा फोम बसलाय, गाडीत पोती वाहतोस काय? बायको शेजारीच उभी होती. त्यांना हवी असेल म्हणून कात्री हातात धरून उभी होती. जाता-येता तास-दोन तास बसून फोम असा बसत नाही, हे चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं असतं, तरी त्यांनी पोत्यांचीच गोष्ट केली असती.

अर्ध्या तासाने पार्किंगवाला आला. चाळिशीचा, डोक्यावर ओला रुमाल, हातात पावतीपुस्तक. त्याने गाडीचा नंबर वाचला, वाकून आत बघितलं, आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"मावशी नाही आल्या?"

मास्टरांनी पाय बाहेर सोडले. "गेल्या. सात महिने झाले."

पार्किंगवाल्याने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. तो झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला आणि थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला.

"चांगल्या होत्या," तो म्हणाला. "माझ्यासाठी डब्यातलं काढून ठेवायच्या. आता काय करणार? यजमानांकडे गेल्या, असं म्हणायचं. बरीच वर्षं वाट बघायला लावली त्यांना. भेटले असतील आता दोघं."

"कुणाच्या यजमानांकडे?"

"त्यांच्याच की. लग्नानंतर लगेच गेले ना ते. साहेबांचा तर जन्मही झाला नव्हता म्हणे." त्याने मान वर केली. "तुम्ही कोण त्यांचे?"

मास्टरांनी बाटलीचं झाकण उघडलं. पाणी प्यायले नाहीत. झाकण पुन्हा लावलं.

"शेजारी," ते म्हणाले. "शेजारी राहतो. आज जागा होती गाडीत, म्हणून आलो."

"मग तुम्ही बघितलं असेल त्यांच्या यजमानांना."

"थोडंफार. त्या काय म्हणायच्या?"

"फार चांगला माणूस होता, म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, मावशी, गेलेली माणसं सगळीच चांगली असतात. तर म्हणाल्या, म्हणूनच." पार्किंगवाला हसला. "अशा बोलायच्या. मधेच फटकन काहीतरी. आम्ही दोघं-तिघं इथेच येऊन बसायचो जेवायला. नकला काय करायच्या! आमच्या मॅनेजरची चाल हुबेहूब करायच्या, या झाडापासून त्या खांबापर्यंत. पोट दुखायचं आमचं."

"चालून दाखवायच्या?"

"कुणी न सांगता. आपल्या मनानेच." त्याने रुमालाने मान पुसली. "दुपारी कुणी नसलं की चारही दारं उघडी टाकून गाणी म्हणायच्या. गळा चांगला होता. तुम्हाला माहीतच असेल, शेजारी म्हणजे."

"हो," मास्टर म्हणाले.

त्यांनी तिचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. ती गाते हेच त्यांना माहीत नव्हतं. कुठली गाणी, असं विचारावंसं वाटलं, पण शेजाऱ्याने ते विचारलं तर बरं दिसलं नसतं.

पार्किंगवाला दिवसभर येऊन-जाऊन होता. कामातून सुटला की झाडाखाली टेकायचा आणि मावशींचं एखादं सांगायचा. मास्टर ऐकत होते. मधे मुलं जेवायला आली तेव्हा तो लांब होता. साडेपाचला तो पुन्हा आला तेव्हा गेटकडून मुलगा येताना दिसला, खांद्यावर ओले टॉवेल, मागे बायको आणि पोरं.

"आले बघा साहेब," पार्किंगवाला उठला. "दोन शब्द बोलतो त्यांच्याशी. बापाचं तोंड बघितलं नाही बिचाऱ्यांनी, आता आईही गेली."

"नको," मास्टर म्हणाले. आवाज जरा मोठा निघाला. "आईचा विषय काढू नका. त्याला सोसत नाही. रस्ताभर गाडी चालवायचीय त्याला."

"बरं बरं. नाही काढत."

पण तो तिथून हलला नाही. मुलगा जवळ येत होता. नातवाने हाक मारली असती तर चाललं असतं, पिकल्या केसांच्या कुठल्याही माणसाला पोरं आजोबा म्हणतात. मुलाने तोंड उघडलं असतं तर संपलं असतं. मास्टर उठले आणि गुडघे धरलेले असतानाही भराभरा पुढे गेले. वीस पावलांवरून मुलाने हात वर केला, तसे तेच ओरडले.

"चला साहेब, उशीर झाला."

मुलगा जागच्या जागी थांबला.

"ऊन लागलं वाटतं," सून म्हणाली. "साहेब काय, बाबा?" हे ती हळूच म्हणाली, तेवढं बरं झालं.

"बसा गाडीत," मास्टर खालच्या आवाजात म्हणाले. "इथे कुणी काही बोलू नका. बसा आधी."

पोरं खिदळत बसली. नातू बहिणीला ढोसून साहेब साहेब म्हणत होता. मुलाने आरशात एकदा वडिलांकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडी काढली.

बाहेर पडायच्या गेटवर दांडा आडवा होता. पार्किंगवाला रांगेच्या कडेने तिथे पोचला होता. त्याने पावती घ्यायला उजव्या खिडकीतून हात आत घातला. सांगितल्याप्रमाणे विषय काही काढला नाही, नुसतं मुलाच्या तोंडाकडे मायेने पाहिलं. मग त्याची नजर मुलाच्या पाठीमागे बसलेल्या मास्टरांकडे गेली. मग पुन्हा मुलाकडे. रुंद कपाळ, डावीकडे किंचित वाकडं नाक, मधे जुळलेल्या भुवया. दोन चेहरे एकामागे एक होते, एक काळ्या केसांचा, एक पांढऱ्या. पावती धरलेला हात खिडकीतच राहिला.

"काय झालं?" मुलगा म्हणाला.

"काही नाही, साहेब."

त्याने हात काढून घेतला आणि दांडा उचलला.

मास्टरांनी घाईघाईने आपली काच खाली केली. त्याला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, पण काहीतरी सांगायचं होतं. काच पूर्ण उतरेपर्यंत पार्किंगवाला पाठ फिरवून मागच्या गाडीकडे गेला होता.

"काच लावा, बाबा," सून म्हणाली. "पोरं ओली आहेत."